शेक्सपिअर वाचलाय, पण त्याच्या नाटकांवरचं ऑर्केस्ट्राचं संगीत कळत नाही. कुठून ऐकायला सुरुवात करू?

तुम्ही लिहिलंय की नाटकं मन लावून वाचलीत, पण त्यांच्यावरून रचलेलं संगीत लावलं की पाच मिनिटांत हरवायला होतं, कथा कुठवर आली तेच कळत नाही. माझ्या मते अडचण तिथेच आहे. तुम्ही त्यात कथा शोधताय. मीही बरीच वर्षं तेच केलं. रशियन संगीतकार चायकोव्स्कीचं 'रोमिओ अँड ज्युलिएट' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सज्जाच्या प्रवेशाची वाट पाहत बसलो होतो. तो आलाच नाही. दाई नाही, मर्क्युशिओ नाही. वाईट वाटलं होतं.

आपला कान नाट्यपदांवर वाढलेला. पदात शब्द असतात, गाणारं पात्र समोर उभं असतं आणि त्या एका प्रवेशातला भाव पद फुलवत नेतं. इथे शब्द नाहीत, पात्र नाही, आणि अख्खं नाटक वीस मिनिटांत मावायला हवं. म्हणून चायकोव्स्कीने प्रसंग सोडून दिले आणि नाटकात एकमेकांवर आदळणारी तीनच बळं उचलली: धर्मगुरू लॉरेन्सची सदिच्छा, दोन घराण्यांचं वैर आणि प्रेम. प्रत्येकाला एक सुरावट दिली. एवढं धरून याच रचनेपासून सुरुवात करा.

१८६९ साली बालाकिरेव्ह या ज्येष्ठ संगीतकाराने तरुण चायकोव्स्कीला हा विषय सुचवला. पण पहिल्या खर्ड्याचा आरंभ बालाकिरेव्हला मुळीच पटला नाही. लॉरेन्ससाठी चर्चमधल्या प्रार्थनेसारखं काही हवं, असं त्याचं म्हणणं. मार्च १८७० मध्ये मॉस्कोत रचना वाजली, त्याच वर्षी चायकोव्स्कीने आरंभ नव्याने लिहिला आणि १८८० मध्ये शेवटही बदलला. आज सगळीकडे वाजतं ते हे १८८० चं रूप.

सुरुवातीला क्लॅरिनेट आणि बॅसून ही फुंकवाद्यं खालच्या सुरांत हळू काही म्हणतात, तो लॉरेन्स. मग व्हायोलिनांची धावपळ आणि भलत्याच जागी कोसळणाऱ्या झांजा, हे वैर. तलवारी डोळ्यांपुढे येतात. साधारण सातव्या-आठव्या मिनिटाला सगळं शांत होतं आणि प्रेमाची सुरावट येते. ती आधी व्हायोलिनांना दिलेलीच नाही, इकडे लक्ष द्या. इंग्लिश हॉर्न हे फुंकवाद्य आणि म्यूट (आवाज दाबणारा चिमटा) लावलेले व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचे थोडे मोठे भाऊ, ती वाजवतात. दबलेला, किंचित घोगरा आवाज. कुणी ऐकू नये म्हणून हळू बोलावं तसा. लपून केलेल्या प्रेमासाठी याहून नेमका आवाज मला तरी माहीत नाही.

ख्यालात मुखडा फिरून समेवर आला की आपल्याला घरी पोचल्यासारखं वाटतं. इथे सुरावट परत येते तेव्हा मधल्या काळात तिच्यावर काहीतरी गुदरलेलं असतं. प्रेमाच्या सुरावटीनंतर वैर पुन्हा उसळतं आणि त्या गदारोळात हॉर्नवर लॉरेन्सची प्रार्थना ऐकू येते. पुढे ट्रम्पेट तीच प्रार्थना जिवाच्या आकांताने ओरडून सांगतात, तरी भांडण थांबत नाही. नाटकात लॉरेन्सचं पत्र मांटुआला रोमिओपर्यंत पोचत नाही, ते मला इथे ऐकू येतं. मग प्रेमाची सुरावट परतते, या वेळी सगळ्या तारवाद्यांवर, उघड, भरभरून. आणि वैर तिला मधेच तोडतं. शेवटी टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांचे संथ ठोके, प्रेतयात्रेचे असावेत तसे, आणि त्यांच्यावर तीच सुरावट तुकड्यातुकड्यांनी. हे ऐकताना हातातलं काम बाजूला ठेवा, एवढी विनंती.

दोन-तीनदा हे ऐकून झालं की जर्मन संगीतकार मेंडेल्सोनची 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'ची ओव्हर्चर, म्हणजे आरंभीचं संगीत, लावा. ती त्याने १८२६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी लिहिली. आधी वुडविंड वाद्यांचे (बासरी, क्लॅरिनेट अशा फुंकवाद्यांचे) चार लांब स्वरमेळ, जणू पडदा उघडतोय, आणि लगेच व्हायोलिनांची अगदी हलकी कुजबुज: पऱ्या. पुढे गाढवाचं ओरडणंही येतं, गाढवाचं डोकं लागलेल्या बॉटमचं. ते कुणी न सांगता ओळखाल. लग्नात वाजणारा तो सुप्रसिद्ध वेडिंग मार्चही याच नाटकासाठीचा, पण तो सोळा वर्षांनी, १८४२ मध्ये लिहिलेल्या संगीतातला.

तिसरी बेथोव्हेनची 'कोरिओलान', १८०७ ची, जेमतेम आठ मिनिटांची. ही शेक्सपिअरच्या नाटकावर आहे असं अनेकांना वाटतं, पण ती हाइनरिख योझेफ फोन कोलिन या व्हिएन्नातल्या नाटककाराच्या 'कोरिओलान'साठी आहे. फरक महत्त्वाचा आहे. शेक्सपिअरचा कोरिओलेनस शत्रूंच्या हातून मारला जातो, कोलिनचा स्वतःच जीव देतो. म्हणूनच शेवटी मोठा आघात नाही. सुरुवातीला ताठ उभी असलेली सुरावट संथ होत जाते, मधे श्वास घेतल्यासारखी थांबते, आणि मग तारा बोटांनी हलकेच छेडलेले तीन स्वर. व्हॉल्यूम आधीच थोडा वाढवून ठेवा, नाहीतर ते तीन स्वर निसटतील.