वाचकांचे प्रश्न : सही जुळत नाही, हात थरथरतो

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६७ आहे. गेल्या दिवाळीपासून बसल्या जागी, विशेषतः टीव्ही पाहताना, त्यांचा उजवा हात थरथरतो. मध्यंतरी सही जुळत नाही म्हणून बँकेने त्यांचा चेक परत केला. उजवा खांदा आखडल्यामुळे सहा महिने शेक चालू आहे. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आल्याने घरातले म्हणतात की हा कंपवात नव्हे, वयाची थरथर आहे. चक्करेसाठी ते वर्षभर एक गोळी घेत आहेत. कंपवाताची गोळी पाच वर्षांनी लागू पडेनाशी होते, म्हणून ती होता होईल तो लांबवावी, असेही ऐकले. काय करावे?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, मध्यमेंदूतल्या, डोपामाइन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात, आणि ही घट नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसत नाही. तो काढायचा तो मेंदूत गाठ, साठलेले पाणी किंवा रक्तपुरवठा खंडित झाल्याच्या खुणा नाहीत ना, हे पाहण्यासाठी. त्यामुळे नॉर्मल रिपोर्टने कंपवात नाही असे ठरत नाही. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले, तेव्हा त्यांच्यापाशी डोळ्यांखेरीज साधन नव्हते. त्यांनी वर्णिलेल्या सहा रुग्णांपैकी काही तर त्यांना रस्त्यावरच दिसलेले होते. निदान आजही मुख्यतः तसेच, पाहून आणि विचारून होते.

म्हणूनच आपल्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली ओळ चेकची आहे. वडिलांना रेघा नसलेल्या कोऱ्या कागदावर सहा-सात ओळी लिहायला सांगा आणि शेजारी त्यांची जुनी सही ठेवा. ओळीच्या शेवटाकडे अक्षर बारीक आणि दाटीचे होत गेले, तर तो कागद डॉक्टरांकडे अवश्य न्या. अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जी दुसरी थरथर असते, तिच्यात अक्षर बारीक न होता नागमोडी होते. ती थरथर बहुधा दोन्ही हातांना असते आणि बशीतला चहा ओठांपर्यंत नेताना वाढते. कंपवाताची थरथर याच्या उलट, हात मांडीवर निवांत पडलेला असताना दिसते, एका बाजूने सुरू होते आणि हात कामाला लागला की बरेचदा थांबते. तरीही केवळ थरथरीवर जाऊ नये, कारण काही रुग्णांना ती होतच नाही. या निदानाचा कणा म्हणजे हालचालींचा मंदपणा. अंगठा आणि तर्जनी भराभर एकमेकांवर टेकवायला सांगितले, तर दहा-बारा वेळांतच बोटांतले अंतर कमी होत जाते, चालताना त्या बाजूचा हात झुलत नाही, शर्टाची बटणे लावायला वेळ लागतो. खांद्याचे आखडणेही कित्येकदा याच ताठरपणातून आलेले असते, आणि शेक मात्र हाडाच्या दुखण्याचा चालू राहतो. आईंना एवढे जरूर विचारा की, वडील झोपेत ओरडतात किंवा लाथा झाडतात का, आणि फोडणीचा वास त्यांना पूर्वीसारखा येतो का. या दोन तक्रारी थरथरीच्या कित्येक वर्षे आधी सुरू झालेल्या असू शकतात.

आता चक्करेच्या गोळीविषयी. सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन ही औषधे, तसेच ॲसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये घातलेले लिव्होसल्पिराइड, डोपामाइनच्या कामात अडथळा आणून हुबेहूब कंपवातासारखे चित्र उभे करू शकतात. आपल्याकडे ही औषधे वर्षानुवर्षे, चिठ्ठीही न बदलता घेतली जातात, याची मला खंत वाटते. गोळीचे नाव पाहा आणि यांपैकी काही असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने ती थांबवा. मात्र परिणाम ओसरायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि आत मूळ आजारही असेल तर लक्षणे तशीच राहतात.

पाच वर्षांची समजूत चुकीची आहे. लेव्होडोपाचा, म्हणजे कंपवाताच्या मुख्य औषधाचा, गुण संपत नाही. आजार पुढे सरकतो, डोपामाइन साठवून ठेवणाऱ्या पेशी कमी होतात, म्हणून एका गोळीचा असर कमी तास टिकू लागतो आणि काहींना अनावर वळवळ सुरू होते. त्यावर डोस विभागणे, जोडीला दुसरी औषधे देणे आणि निवडक रुग्णांत मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया, असे उपाय आहेत. कामे अडू लागलेली असताना गोळी लांबवून पुढची वर्षे वाचत नाहीत, हातातली मात्र वाया जातात. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यावी, कारण डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिने तिच्या शोषणाशी स्पर्धा करतात. ती एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपाच असतो, त्यामुळे तिचे चूर्ण चालू असल्यास तेही डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : माझ्या २४ वर्षांच्या भाचीला तीन वर्षांपूर्वी दोनदा फिट आली. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. वर्षभरात फिट नाही, ईईजीही नॉर्मल आहे. लग्न ठरते आहे, तर गोळ्या बंद कराव्यात का?
— एक मामी, ठाणे

उत्तर : ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची अर्ध्या-पाऊण तासाची नोंद, त्या वेळेत काही सापडले नाही, एवढेच तिच्यावरून कळते. गोळ्या कमी करण्याचा विचार साधारणतः किमान दोन वर्षे फिटविना गेल्यावर होतो, आणि तोही फिटचा प्रकार पाहून, हळूहळू. लग्नाच्या धावपळीत, जागरणे होत असताना तर मुळीच नको. योग्य औषधांनी दहापैकी सुमारे सात जणांच्या फिट पूर्ण थांबू शकतात, आणि १९९९ च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्यात अपस्मार (फिट येण्याचा आजार) हा विवाहाला अडथळा राहिलेला नाही. तेव्हा मुलाकडच्यांना आधीच, साध्या शब्दांत सांगावे. गोळीत व्हॅल्प्रोएट आहे का, हे मात्र याच महिन्यात पाहा. त्याने गर्भाला व्यंगाचा आणि बौद्धिक वाढ खुंटण्याचा धोका असतो, म्हणून औषध बदलायचे झाल्यास आणि फॉलिक ॲसिड सुरू करायचे झाल्यास ते दिवस राहण्यापूर्वी, न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली व्हायला हवे. स्वतःहून गोळी सोडणे नको. अचानक थांबवल्याने थोपवता न येणाऱ्या, एकामागून एक फिट येऊ शकतात.