छाती थोपटायची की नाही, ठरवायचं कोणी?

प्रश्न: ताई, मी कोल्हापुरात एका हॉस्पिटलात लहान मुलांची चेस्ट फिजिओ (छाती थोपटून वगैरे कफ मोकळा करायचे उपचार) बघते, आता चार जणांच्या टीमची जबाबदारी माझ्यावर आलीय. खोकणारं पोर दिसलं की फाईलवर 'चेस्ट फिजिओ' लिहून येतं आणि ज्युनिअर लगेच थोपटायला घेतात. नाही म्हटलं तर डॉक्टरांना राग. काय करू?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: अगं, राग येऊ दे की! ब्राँकिओलायटिसच्या (फुफ्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांना सूज आलेल्या) तान्ह्या बाळाला सरसकट थोपटून फायदा होत नाही, उलट ते दमतं, ऑक्सिजन खाली येतो, हे राउंडला शांतपणे सांग, पण नुसतं 'नको' म्हणू नकोस, स्वतः स्टेथोस्कोप लावून काय ऐकू आलं ते फाईलवर लिही, मग वाद आपोआप कमी होतो. सिस्टिक फायब्रोसिस (कफ फार घट्ट होणारा जन्मजात आजार) किंवा स्नायू कमजोर असलेलं मूल, जिथं कफ खरंच अडकतो, तिथं मात्र वेळ द्या.

ज्युनिअरना आधी हे शिकव, की दूध पाजल्या पाजल्या हात लावायचा नाही आणि तान्ह्याचं डोकं खाली करून झोपवायचं नाही, दूध उलटून वर येतं. जरा मोठ्या पोरांना कफ सुटावा म्हणून बाटलीत पाणी घेऊन नळी साधारण 10 सेंटिमीटर बुडवून बुडबुडे काढायला लाव, थोडा साबण टाकला की फेस उतू जातो आणि रडणारं पोरगं पण हसत फुंकतं (फक्त पाणी ओढून प्यायचं नाही, हे बजावून सांगायचं). आणि आईला पण शिकव, कागल-गगनबावड्याहून आलेली ती परत गेल्यावर घरी तीच तुमची टीम.