नवरा निवृत्तीनंतर बोट घेऊन इंट्राकोस्टल वॉटरवेने, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या आतल्या बाजूच्या जलमार्गाने, फ्लोरिडापर्यंत जायचं म्हणतोय. खर्च किती येतो? मला यातलं काही येत नाही, पोहताही येत नाही. मी नुसती सोबत बसून राहिले तर चालेल का?

नाही ताई, नुसतं बसून चालणार नाही. खर्चाचं शेवटी सांगते, आधी हे ऐका.

आम्ही व्हर्जिनियात असतो. 2019 मध्ये 36 फुटी ट्रॉलर घेतली, म्हणजे आत राहता येईल अशी संथ मोटरबोट. एकच डिझेल इंजिन, पाण्याखाली चार फूट. दर ऑक्टोबरात नॉरफोकहून खाली जातो, मे महिन्यात परत येतो. बोट घेतली त्या दिवशी विकणाऱ्याने यांना इंजिन, सुकाणू, रेडिओ, चार्ट सगळं दोन तास समजावून सांगितलं आणि मला शेगडी दाखवली. मी तेव्हा गप्प बसले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

पुढची चार वर्षं तीच वाटणी चालू राहिली. सुकाणू यांच्याकडे, दोर माझ्याकडे. धक्क्याला लागताना दहा टनांची बोट वाऱ्याने सरकत असते आणि साठी ओलांडलेली बाई हातात दोर घेऊन कठड्यापाशी उभी. ताकदीचं काम बाईकडे आणि दोन बोटांनी लिव्हर ढकलायचं काम पुरुषाकडे, याला काय अर्थ आहे? पण तिथे बहुतेक बोटींवर हेच दिसतं.

माझं माहेर रेवदंड्याचं. कुंडलिकेच्या खाडीत आजोबांचा मचवा होता. ते घड्याळ बघत नसत, तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगत. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ही वेळ आपल्या किनाऱ्याची, जॉर्जियात ती जुळत नाही. पण पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी, हे तिथेही तसंच. उधाणात पाणी जेवढं जास्त चढतं, तेवढंच खाली उतरतं. हे मला सहाव्या वर्षापासून माहीत आहे.

2023 ची कोजागरी होऊन दोन दिवस झाले होते. आम्ही जॉर्जियात, डोबॉय साउंड नावाच्या खाडीला लागून असलेल्या डुप्लिन नदीत नांगर टाकून होतो. पुढे लिटल मड रिव्हर. नावातच चिखल आहे आणि वॉटरवेवर येणारा प्रत्येक जण तिला टरकून असतो. जॉर्जियात भरती-ओहोटीत सात ते नऊ फुटांचा फरक पडतो. त्या दिवशी भरती सकाळी नवाच्या सुमारास होती. मी म्हटलं, आठला निघू. यांचे मुलाशी फोन, मग इंजिनचं तेल बघणं, असं करत बारा वाजले. मी म्हटलं, आता पाणी उतरतंय, उधाणाचे दिवस आहेत, उद्या सकाळी जाऊ. हे म्हणाले, चार्टवर रेघ आहे, रेघेवरून गेलं की झालं.

त्या किरमिजी रेघेबद्दल सांगते. नोआ या अमेरिकन सरकारी संस्थेच्या चार्टवर, म्हणजे पाण्याच्या नकाशावर, वॉटरवेची वाट त्या रेघेने दाखवलेली असते. गाळ सरकतो तशी रेघ सरकत नाही, म्हणून 2013 मध्ये नोआ ती काढूनच टाकणार होती. लोकांनी आग्रह धरला म्हणून ठेवली. कागदावर तिथे वॉटरवेची खोली बारा फूट आहे. लिटल मडमध्ये आम्हाला पाच दिसली, मग साडेचार, आणि पावणेएकला बोट रुतली.

यांनी इंजिन जोरात मागे टाकलं. बोट हलली नाही, पण इंजिन थंड करायला जे पाणी खेचलं जातं त्याच्याबरोबर चिखल आत गेला आणि भोंगा वाजायला लागला. मी जाऊन इंजिन बंद केलं. चार वर्षांत पहिल्यांदाच त्या बटणाला हात लावला. उतरत्या पाण्यात रुतलात तर पहिल्या दोन-तीन मिनिटांत निघालात तर निघालात. नंतर जोर करण्यात अर्थ नसतो. दुसरा नांगर छोट्या होडीतून खोल पाण्याच्या बाजूला नेऊन टाकायचा, म्हणजे चढतं पाणी बोट आणखी चिखलात ढकलत नाही. आजोबा हेच करत. हे वल्हवत होते, कुठे टाकायचा ते मी सांगितलं. कलणाऱ्या बाजूच्या खिडक्या बंद केल्या, गणपती फडक्यात गुंडाळून बिछान्यात ठेवला. साडेतीनपर्यंत बोट इतकी कलली होती की उभं राहता येईना. चारी बाजूंना गवत, चिखल आणि केसात शिरणाऱ्या बारीक माश्या. सहा तास आम्ही एकमेकांशी फारसं बोललो नाही.

सातच्या सुमारास, अंधार पडता पडता, ती तरंगली. हे नांगराचा दोर ओढायला पुढे गेले, कारण तो ओढायची ताकद माझ्यात नव्हती. म्हणून सुकाणू माझ्याकडे आलं. आलो त्याच वाटेने मी बोट डुप्लिनमध्ये परत नेली.

दुसऱ्या दिवशी पुण्याला दिरांशी बोलताना हे म्हणाले, "ती घाबरली होती, पण निभावलं." ताई, मी घाबरले नव्हते, आणि निघायच्या आधी थांबायला मीच सांगितलं होतं. यांच्याशी याबद्दल बोलून झालं आहे, तरी इथे लिहून ठेवते.

त्या हिवाळ्यात मी कोस्ट गार्ड ऑक्झिलरीचा, म्हणजे तटरक्षक दलाच्या स्वयंसेवकांचा, बोट चालवण्याचा वर्ग केला. आता धक्क्याला बोट मी लावते, हे दोर टाकतात. पूल उघडायला रेडिओवर मीच बोलते, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात 13 नंबरवर, साउथ कॅरोलिनापासून खाली फ्लोरिडापर्यंत 9 वर. माझे मराठी वळणाचे उच्चार कुणालाही अडलेले नाहीत. हे माणसाने वाईट नाहीत, इंजिनाचं काम यांच्यासारखं मला जमणार नाही. पण 70 च्या माणसाच्या छातीत कळ आली, तर इंजिन बंद करणं, नांगर टाकणं आणि रेडिओच्या 16 नंबरवर, म्हणजे मदत मागायच्या चॅनलवर, आपण कुठे आहोत ते सांगणं, एवढं तुम्हाला आलंच पाहिजे.

पोहणं मलाही येत नव्हतं, साठीला शिकले. येत असलं तरी डेकवर लाइफ जॅकेट घालाच.

आता खर्च. नॉरफोकपासून मायामी साधारण 1,090 मैल. आमची बोट ताशी आठ मैल जाते, तासाला दोन गॅलन डिझेल खाते, म्हणजे एका बाजूला पावणेतीनशे गॅलन. मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्यावर, रात्रीचे पैसे बोटीच्या लांबीवर, आम्हाला फुटाला दोन ते तीन डॉलर पडतात. नांगर टाकलात तर फुकट. खरा पैसा विमा आणि दुरुस्तीत जातो, आणि तो बोटीच्या वयावर आहे, त्यामुळे माझा आकडा तुमच्या कामाचा नाही. वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर असतो. बरेच विमेवाले ठरावीक तारखेआधी अमुक रेषेच्या दक्षिणेला जाऊ देत नाहीत, ते विचारून घ्या. मोठ्या वेगाच्या बोटींचं डिझेल याच्या कितीतरी पट असतं, त्यांना हा हिशोब लावू नका.

बोट बघायला जाल तेव्हा सुकाणूमागच्या खुर्चीत आधी तुम्ही बसा. तिथून बोटीचं पुढचं टोक दिसलं नाही, तर खुर्ची तुमच्या उंचीची करून मागा, नाहीतर दुसरी बोट बघा.