ताई, बेटावर कसली आलीय पाणीटंचाई?

गॉटलंडवरच्या दिवसांबद्दल गेल्या अंकात दोन पानं लिहिली आणि पत्रांचा ढीग पडला. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की गॉटलंड हे स्वीडनचं सगळ्यात मोठं बेट. बाल्टिक समुद्रात आहे, वस्ती साठ हजारांच्या आसपास, गाव म्हणावं असं एकच, विस्बी. आमच्या ह्यांची नोकरी पवनचक्क्यांच्या देखभालीची. आधी धाराशिवच्या माळावर होती, मग थेट तिकडे. आता आम्ही लातूरला परत आलो आहोत. सारख्या प्रश्नांची एकत्र मोट बांधली आहे, कुणाचं पत्र राहिलं असेल तर रागावू नये.

प्रश्न : ताई, चारी बाजूंनी समुद्र असल्यावर तुम्हाला पाण्याची कसली चिंता? आम्ही इथं आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट बघत बसतो. — एक वाचक, लातूर

उत्तर : भाऊ, समुद्र काही पिता येत नाही. बाल्टिकचं पाणी आपल्या कोकणातल्या समुद्राइतकं खारट नाही. कोकणात लिटरमागे पस्तीसेक ग्रॅम मीठ, तिथं जेमतेम सात. पण ते तसंच नळाला सोडता येत नाही. आणि बेट म्हणाल तर सगळं चुनखडीचं. वर मातीचा पातळ थर, खाली भेगाळलेला दगड. पाऊस पडला की पाणी भेगांतून खाली उतरतं आणि समुद्राला जाऊन मिळतं. आपल्याकडे काळ्या पाषाणात आठशे फूट बोअर घेतला तर नुसती धूळ निघते. तिथं जास्त खोल गेलं की खारं पाणी लागतं. किनाऱ्याजवळच्या विहिरीचा उपसा वाढला तरी तेच. पाऊसही वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर, लातूरपेक्षा कमीच.

त्यात माणसानं केलेली करणी वेगळी. शेतीला जमीन हवी म्हणून एकोणिसाव्या शतकापासून तिथल्या मोठमोठ्या पाणथळी चर खणून कोरड्या केल्या. त्या जागा हिवाळ्याचं पाणी धरून ठेवायच्या. आता ते वसंतातच वाहून जातं. आणि नेमकं जुलैत, जमिनीत ओल नसताना, पर्यटकांची जत्रा भरते.

मग निघतो फतवा : नळाच्या पाण्यानं बाग भिजवायची नाही. पाळायचा म्हणजे पाळायचा. कुणाची कुणाशी ओळख आहे म्हणून टँकर एका गल्लीत जास्त वेळ थांबला, असला प्रकार मी तरी पाहिला नाही. घरोघरी वळचणीखाली पिंप ठेवलेलं असतं. पावसाचं पाणी त्यात साठवायचं आणि तेवढ्यावर टोमॅटो जगवायचे. अंगणातलं गवत पिवळं पडलं तर कुणाला कमीपणा वाटत नाही. हिरवंगार राहिलं तरच कुजबुज होते. हे मला फार आवडलं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तुम्हा सगळ्यांना ते पाठ आहे. त्याच वर्षी गॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर हेर्विकला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आमचं पाणी रेल्वेनं आलंय माय. तुमचं कशानं येतंय?" समुद्रातून काढतात म्हणून सांगितलं. तर म्हणतात, "बरंय की मग, वरणात मीठ टाकायचं काम नाही!"

वरणावरून आठवलं. चुनखडीतलं पाणी जड. केटलीच्या तळाशी आठवड्याभरात पांढरी खपली धरते, व्हिनेगर उकळल्याशिवाय निघत नाही. आणि तुरीची डाळ? ज्या बायका बोअरच्या पाण्यात स्वयंपाक करतात त्यांना मी वेगळं काय सांगू. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी डाळ दाणा न् दाणा वेगळी. रात्रभर भिजत घालायची, चिमूटभर खायचा सोडा टाकायचा, तेव्हा कुठे ती घोटली जायची. साता समुद्रापलीकडे गेले तरी हे काही सुटलं नाही.

प्रश्न : तिथे पाहण्यासारखं काही ऐतिहासिक आहे का? — इतिहासाचे एक शिक्षक, नळदुर्ग

उत्तर : गुरुजी, तुम्ही किल्ल्याच्या सावलीत राहता, तेव्हा तटबंदीचंच सांगते. विस्बीला तेराव्या शतकातली दगडी भिंत आहे, जवळजवळ साडेतीन किलोमीटरची आणि बरीचशी शाबूत. आतलं जुनं शहर १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. बेटावर मध्ययुगातली नव्वदच्या वर चर्च आहेत. एवढ्याशा खेड्यात एवढं मोठं चर्च कुणी बांधलं असेल, असं वाटत राहतं. बांधलं ते व्यापारातून श्रीमंत झालेल्या शेतकऱ्यांनी.

पण भिंत ही नुसती बाहेरच्या शत्रूसाठी नव्हती. शहरातले व्यापारी आणि खेड्यांतले शेतकरी यांचं आपसात पटत नव्हतं. १३६१ च्या जुलैत डेन्मार्कचा राजा वाल्देमार चालून आला, तेव्हा शेतकरी भिंतीबाहेर लढले आणि सुमारे १,८०० जण कापले गेले. शहरानं दरवाजे उघडले नाहीत. पुढं राजासमोर शरणागती पत्करून स्वतःला वाचवलं. मेलेल्यांच्या जागी दगडी क्रूस उभा आहे. मी तिथून पुष्कळदा गेले आणि दरवेळी चीड आली. शेतकऱ्याला वेशीबाहेर ठेवायची रीत फार जुनी दिसते.

प्रश्न : माझ्या मुलीचं लग्न स्वीडनला नोकरी करणाऱ्या मुलाशी ठरतंय. तिथं सहा महिने अंधार असतो म्हणे. खरं का? — एक आई, औसा

उत्तर : नाही हो ताई, एवढं नाही. ते पार उत्तरेकडचं, आणि तिथंही सहा महिने वगैरे नाही. गॉटलंड दक्षिणेकडे आहे. डिसेंबरात साडेआठ वाजून गेल्यावर सूर्य उगवतो आणि तीनच्या सुमाराला मावळतो. जूनमध्ये उलटं, रात्री दहापर्यंत उजेड. लहान लेकरं झोपवायची म्हणजे खिडक्यांना जाड पडदे लागतात.

अंधारापेक्षा नोव्हेंबर वाईट. समुद्रामुळे थंडी मुख्य भूमीपेक्षा सौम्य, त्यामुळे बर्फ टिकत नाही. बर्फ असला की निदान उजेड परततो. नाहीतर नुसतं करडं आभाळ, रिपरिप आणि कानाखाली वाजवणारा वारा. मग नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारपासून घराघराच्या खिडकीत सात दिव्यांचे कमानदार दिवे लागतात. १३ डिसेंबरला लुसिया नावाच्या सणाच्या पहाटे मुली पांढरे झगे घालून गाणी म्हणतात, त्यांच्यातल्या एकीच्या डोक्यावर दिव्यांचा मुकुट असतो. केशर घातलेले पिवळे पाव असतात. बेटावर तर केशरभाताचा, खरवसासारखा कापून खायचा गोड पदार्थही करतात, रानबेरीच्या मुरंब्यासोबत खातात. तो मात्र चाखावाच.

मला सगळ्यात जड जायची ती येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. इकडं लोकं बैलगाड्या, टेम्पो भरून शेताला निघालेली, आणि मी चौथ्या मजल्यावर. एका वर्षी ठरवलं की करायचीच. ज्वारीचं पीठ बॅगेत नेलेलं होतं. ताक म्हणून तिथलं फील नावाचं पातळ दही वापरलं, त्याची आंबील झाली, आणि चांगली झाली. भज्जीला गोठवलेले वाटाणे, घेवडा, डब्यातले हरभरे. कडबा कुठला आणायचा, म्हणून बाल्कनीत वाळलेल्या बोरूची जुडी उभी केली आणि तिच्यात पाच पांडव मांडले. किनाऱ्यावरून उचललेले गोटे. चुना फासायची गरजच नाही, दगडच चुन्याचे! ह्यांच्या कामावरचे दोघे-तिघे जेवायला होते. दुपारचे साडेतीन, बाहेर अंधारून आलेलं. ह्यांनी "ओलगे ओलगे सालम पोलगे" अशी आरोळी ठोकली तसे खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बाहेर येऊन वर बघायला लागले. त्यांनाही आंबीलीचा तांब्या दिला. प्यायले. दुसऱ्यांदा मागितली नाही, ते सोडा.

मुलीला एक सांगा : हिवाळ्यात दुपारी बारा ते एक घरात बसायचं नाही, ऊन असो नसो. आणि ड जीवनसत्त्वाबद्दल तिथल्या डॉक्टरांना विचारून घ्यायचं. बाकी पोरगी निभावून नेईल.

प्रश्न : बेटावर कोणते प्राणी असतात? — इयत्ता सातवीतला एक विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : बाळा, मेंढ्या! बेटाच्या चिन्हावरसुद्धा मेंढाच आहे. विस्बीत गाड्या अडवायला रस्त्यावर सिमेंटचे मेंढे ठेवलेले असतात, तुझ्या कंबरेएवढे. माझा मुलगा रोज एकावर बसल्याशिवाय शाळेला जात नसे. लोयस्ताच्या रानात बुटकी, दणकट तट्टं मोकळी चरतात, तीही खास तिथलीच.

प्रश्न : तिकडची माणसं शेजाऱ्याशी बोलत नाहीत असं ऐकलं. तुम्हाला करमायचं का? — एक आजी, उदगीर

उत्तर : आजी, पहिलं वर्ष नाही करमलं. न सांगता कुणाचं दार वाजवायचं नाही, ही तिथली रीत. शेजारच्या म्हाताऱ्या बाई जिन्यात भेटल्या की हसायच्या, आणि संपलं. मी एकदा गरम धपाटे नेऊन दिले. दुसऱ्या दिवशी ताट दाराच्या मुठीला पिशवीत अडकवलेलं, घासून लख्ख आणि रिकामं. आपल्याकडे रिकामं भांडं कुणी परत करतं का? दोन दिवस मी घुश्शात. मग पंधरवड्यानं टपालपेटीत हातानं लिहिलेलं कार्ड आलं. अमुक तारखेला, दुपारी अडीच वाजता, कॉफीला या. गेले तर टेबलावर सात प्रकारची बिस्किटं आणि चांगले कप. बाईंनी एवढं सगळं माझ्या एकटीसाठी मांडलं होतं. पुढं दर महिन्याला जायचे, पण तारीख ठरवूनच.

भांडणं होतात ती कपडे धुण्यावरून. इमारतीच्या तळघरात सामायिक मशिनी असतात. भिंतीवर तारखांची फळी, तिच्यात भोकं. आपल्या घराचं बोटभर कुलूप हव्या त्या वेळेच्या भोकात अडकवायचं, की ती पाळी आपली. दहा मिनिटं उशीर झाला किंवा वाळवायच्या मशिनीतली लव काढायची राहिली, की दारावर चिठ्ठी : "पुढच्या माणसाचाही विचार करावा." खाली सही नाही. तोंडावर कुणी चकार शब्द काढत नाही. मला सार्वजनिक नळावरचं आपलं तोंडी भांडण परवडतं. पाच मिनिटांत संपतं आणि संध्याकाळी परत हळदी-कुंकू चालू.

प्रश्न : बेटावर कुणी आजारी पडलं तर? बोट बंद असली तर? — एक वाचक, परळी

उत्तर : विस्बीत मोठं रुग्णालय आहे. फारच गंभीर असेल तर हवाई मार्गानं स्टॉकहोमकडे हलवतात. बोट न्यूनेसहाम्न बंदरातून येते, तीन तासांहून थोडी जास्त लागते. वादळात रद्द होते, तेव्हा गपगुमान वाट बघायची. दळण, मीठ-मिरची चार दिवसांची जास्त ठेवायची सवय लागते, एवढंच.

प्रश्न : सून पुढच्या महिन्यात स्वीडनला चाललीय. बॅगेत काय द्यावं? — एक सासूबाई, निलंगा

उत्तर : तूप, खवा, पेढे देऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपात नेता येत नाहीत, विमानतळावर काढून टाकतात. आंबे आणि ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. येसर द्या, काळं तिखट द्या, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, हिंग द्या. तवा मात्र इथून देऊ नका. तिथली शेगडी काचेची, सपाट. आपला खोलगट तवा त्यावर डुलत राहतो आणि मधोमधच तापतो. जाड, सपाट बुडाचा तवा तिनं तिथंच घ्यावा. भाकरी फुगवायला जाळ नसतो, म्हणून दुसरी बाजू शेकली की ओल्या फडक्यानं कडेकडेनं दाबत जायचं. पहिल्या चार-पाच कडक होतील. त्या दुधात कुस्करून खायच्या.