विद्यापीठात विद्यार्थ्यांची प्रोग्रॅमिंग स्पर्धा भरवायची आहे. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे आणि बक्षिसे किती ठेवावीत?

सॉफ्टवेअरचा प्रश्न लवकर मिटतो. उत्तरांचे प्रोग्रॅम आपोआप तपासणारे डोमजज हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि आयसीपीसी या आंतरराष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या धर्तीवरची स्पर्धा, म्हणजे तिघांचा संघ, एक संगणक, ५ तास आणि चुकीच्या प्रयत्नाला २० मिनिटांचा दंड, त्यावर उत्तम चालते. बक्षिसांच्या रकमेवर स्पर्धेची पत ठरत नाही. ती टेस्ट केसवर, म्हणजे प्रोग्रॅम तपासायला दिलेल्या नमुना माहितीवर आणि तिच्या अपेक्षित उत्तरांवर ठरते, आणि आपल्याकडे बहुतेक आयोजक नेमके तेच काम आदल्या रात्रीवर ढकलतात.

सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी परीक्षक मंडळावर होतो. तासगावच्या बेदाण्यावर बेतलेला एक सोपा प्रश्न होता: शीतगृहातील मालाच्या १ लाखापर्यंत नोंदी, प्रत्येक नोंद १ लाख किलोपर्यंत, तर एकूण माल किती? दुसऱ्या वर्षाच्या तीन मुलींच्या संघाला त्यात वारंवार ‘राँग आन्सर’ येत होते. शेवटी त्यांच्यातील एक आमच्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “सर, सगळ्यात मोठी केस तुम्ही एकदा हातानं करून बघा.” मी आमची उत्तराची फाइल उघडली, तर तिथे १४१००६५४०८ होते. लाख गुणिले लाख म्हणजे एकावर दहा शून्ये, हे सांगायला संगणक लागत नाही. प्रश्न रचणाऱ्यांनी स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये बेरीज इंट या ठरावीक आकाराच्या पूर्णांक प्रकारात ठेवली होती. त्याची मर्यादा २१४७४८३६४७, त्यापुढे आकड्याचे वरचे बिट (द्विमान अंक) गळून पडतात आणि भलताच आकडा उरतो. उत्तर उणे आले असते तर कोणाच्याही नजरेत भरले असते, पण ते धन आले आणि सर्वांनी खरे मानले.

स्पर्धा संपायला अजून तासभर होता. तरीही एका ज्येष्ठ प्राध्यापकांचे म्हणणे पडले की परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो, पाहुणे येऊन बसले आहेत, आता काही बदलू नये. मी ऐकले नाही. फाइल दुरुस्त केली, सर्व उत्तरे पुन्हा तपासायला लावली आणि ते सभागृहात जाहीर केले, त्यामुळे इंट वापरलेल्या संघांनाही सुधारणेची संधी मिळाली. अशाने परीक्षकांचा मान जातो, असे ते प्राध्यापक आजही म्हणतात. माझ्या मते बरोबर उत्तर नाकारून राखलेला मान विद्यार्थ्यांच्या काही उपयोगाचा नाही, आणि ‘निर्णय अंतिम’ हे वाक्य नियमपत्रकात घालायचेच असेल तर त्याच्याच खाली फेरतपासणीची रीतही छापावी.

म्हणून प्रत्येक प्रश्न दोघांनी एकमेकांचे न पाहता सोडवावा, एकाने सी प्लस प्लसमध्ये आणि दुसऱ्याने पायथॉनमध्ये. पायथॉनच्या पूर्णांकाला अशी मर्यादा नसल्याने आमची चूक आठवडाभर आधीच उघडी पडली असती. नेटवरून उचललेले प्रश्न तर मुळीच घेऊ नयेत, कारण त्यांची उत्तरेही नेटवरच असतात.

मात्र डोमजजसाठी लिनक्सचा सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. तो नसेल तर कोडफोर्सेस या प्रोग्रॅमिंग स्पर्धांच्या संकेतस्थळावर खासगी स्पर्धा भरवता येते, पण मग प्रयोगशाळेतील इंटरनेट भरवशाचे हवे. पायथॉनला मुभा देणार असाल तर प्रोग्रॅम चालायला दिलेली वेळेची मर्यादा त्या भाषेतही पडताळून घ्यावी. बक्षिसांचा आकडा तुमच्या निधीप्रमाणे ठरवा, फक्त जत-आटपाडीकडून येणाऱ्या संघांचे एसटीचे भाडे आणि दुपारचे जेवण आधी बाजूला काढा.