मतपत्रिकेवरचे कायदे

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात राहते व अमेरिकेची नागरिक आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिच्या मतपत्रिकेवर उमेदवारांखेरीज राज्याचे दहा प्रस्तावही होते. कायदे मतदारांनीच करायचे, तर तेथे आमदार कशाला निवडून देतात? आणि आपल्याकडे असे कधी झाले आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आमदार कायदे करतातच; परंतु ते जे करणार नाहीत ते नागरिकांना करता यावे, अशी ही तरतूद आहे. विधिमंडळ रेल्वे कंपनीच्या मुठीत गेले आहे, अशी लोकांची भावना झाली होती, तेव्हा हायरम जॉन्सन गव्हर्नर असताना, १९११ साली, कॅलिफोर्नियाने हा अधिकार मतदारांना दिला. गव्हर्नरपदाच्या मागील निवडणुकीत झालेल्या मतांच्या पाच टक्के इतक्या मतदारांच्या सह्या जमल्या की साध्या कायद्याचा प्रस्ताव मतपत्रिकेवर येतो. २०२४ मध्ये हा आकडा ५,४६,६५१ होता. कॅलिफोर्नियाची स्वतःची राज्यघटना बदलायची असल्यास आठ टक्के सह्या लागतात. मतदानापूर्वी सरकार मतदारांना एक पुस्तिका पाठवते व तीत प्रत्येक प्रस्तावाच्या बाजूचे आणि विरोधातले युक्तिवाद छापलेले असतात. ही पद्धत मला फार आवडते.

खरी अडचण पुढे येते. मतदारांनी केलेला कायदा, त्यातच तशी मुभा ठेवलेली नसेल तर, विधिमंडळाला परस्पर बदलता येत नाही. १९७८ च्या तेराव्या प्रस्तावाने मालमत्ता कर करपात्र मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला आणि घर विकले जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवण्यास मनाई केली. त्यामुळे एकाच गल्लीत शेजारी शेजारी असलेल्या सारख्याच दोन घरांपैकी चाळीस वर्षांपूर्वी घर घेतलेल्या मालकाला किरकोळ कर पडतो, तर नव्याने आलेल्याला त्याच्या कितीतरी पट भरावा लागतो. हे उघड दिसत असूनही त्याला हात लावायचा तर पुन्हा मतदारांकडेच जावे लागते, आणि जुने घरमालकही मतदारच आहेत. शिवाय, ज्या बलाढ्य कंपन्यांना वेसण घालण्यासाठी ही सोय झाली, त्यांनाच आज ती उपयोगी पडते आहे. २०२० मध्ये उबर, लिफ्ट आदी ॲपवरून टॅक्सीसेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी बाविसाव्या प्रस्तावासाठी २० कोटी डॉलरहून अधिक खर्च करून आपल्या चालकांना नोकरदार न मानणारा कायदा मतदारांकडून संमत करून घेतला. त्यात दुरुस्ती करण्यासाठी विधिमंडळाच्या सात-अष्टमांश बहुमताची अट त्यांनी आधीच घालून ठेवली होती.

आपल्या राज्यघटनेत नागरिकांनी सह्या गोळा करून कायदा मतास टाकण्याची सोय नाही. जवळचे उदाहरण गोव्याच्या जनमत कौलाचे, पण तोही संसदेने केलेल्या कायद्यानुसार झाला. १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी ‘फूल’ व केंद्रशासित राहण्यासाठी ‘दोन पाने’ अशा चिन्हांवर मतदान झाले आणि १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१ मतांनी दोन पाने जिंकली. १९८७ साली गोवा घटक राज्य झाले, तेव्हा मात्र पुन्हा कौल घेतला गेला नाही. तो निर्णय संसदेनेच केला.