चवळीवरचा मावा फवारल्यावर वाढला कसा?

प्रश्न : चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा दिसला म्हणून आठ दिवसांच्या अंतराने दोनदा कीटकनाशक फवारले. पंधरा दिवसांत मावा आधीपेक्षा दाट झाला. झाडांवर मुंग्या चढत आहेत, त्यांनाही मारावे का? पानांवर काळ्या, खरबरीत, केशरी ठिपक्यांच्या अळ्या फिरतात, त्यांच्यासाठी कोणते औषध? पीक पिवळट वाटले म्हणून युरियाही दोनदा दिला आहे. बांधावरची फुलणारी झुडपे काढून टाकावीत का?

उत्तर : आधी त्या अळ्यांचे. त्यांच्यासाठी औषध आणू नका. ती ढालकिड्यांची पिल्ले आहेत. मोठा ढालकिडा लाल, गोल, ठिपक्यांचा. तो सगळ्यांना ओळखू येतो. त्याची अळी मात्र सुसरीच्या पिल्लासारखी लांबट आणि काटेरी असते, त्यामुळे नेमकी तीच मारली जाते. एक अळी वाढता वाढता शेकडो मावा फस्त करते. खात्री करायची असेल तर मावा असलेला एखादा शेंडा अळीसकट तोडून काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला फडके बांधा आणि दुसऱ्या दिवशी मावा मोजा.

आता फवारणीनंतर मावा का वाढला ते. माव्याच्या मादीला नराची गरज लागत नाही. ती अंडी न घालता थेट पिल्ले देते, आणि उबदार हवेत ती पिल्ले साधारण आठवड्यात स्वतः पिल्ले द्यायला लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत तीनेक आठवडे लागतात. फवारणीत दोघेही मेले, तरी पानांच्या खाली, वळलेल्या शेंड्यांत थोडा मावा उरतोच. उरलेला मावा लगेच वाढतो. त्याला खाणारा मात्र मागे पडतो, कारण भक्ष्य पुरेसे झाल्याशिवाय तो शेतात परत येत नाही. पंधरा दिवसांत तुम्हाला दिसला तो हाच फरक. मावा औषधाला दाद देईनासा झाला असेल ही शक्यताही आहे, पण माझा पहिला संशय या हिशेबावर आहे.

हे नवे नाही. कॅलिफोर्नियातील संत्रावर्गीय बागांमध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका खवले किडीने धुमाकूळ घातला होता. 1888 च्या सुमारास तिचा शत्रू असलेला ढालकिडा ऑस्ट्रेलियातूनच आणून सोडला आणि कीड आटोक्यात आली. पुढे 1940 च्या दशकात त्या बागांमध्ये डीडीटी फवारले गेले, ढालकिडे मेले आणि तीच कीड पुन्हा उसळली.

युरियाचा यात मोठा हात आहे. जास्त नत्र मिळाले की झाड लुसलुशीत, गर्द हिरवे होते आणि त्याचा रस माव्याला अधिक पोषक ठरतो. म्हणजे एकीकडे तुम्ही मावा मारत होता आणि दुसरीकडे त्याला जेवू घालत होता. शिवाय चवळी स्वतः नत्र कमावते. एखादे रोप हळूच उपटा, मुळांवरची माती धुवा आणि गाठी नखाने फोडून पाहा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर रायझोबियम जिवाणू कामावर आहेत : झाड त्यांना साखर देते, ते झाडाला हवेतला नत्र देतात. गाठ आत पांढरी किंवा हिरवट असेल तर काम सुरू नाही. जमिनीत आयता नत्र असला की झाड गाठी कमीच धरते. फुकट मिळत असताना साखर कोण खर्चणार? यापुढे युरिया बंद ठेवा. पिवळेपणाचे कारण पाणी साचणे हेही असू शकते, निचरा तपासा.

मुंग्या मावा खात नाहीत, राखतात. बारकाईने पाहिले तर मुंगी मिशांनी माव्याच्या पाठीवर थोपटते आणि माव्याच्या मागच्या टोकाला गोड चिकट थेंब येतो. तो ती पिते. त्या थेंबासाठी ती ढालकिड्याच्या अळीला चावून हाकलते. हाच चिकटा पानांवर सांडला की त्यावर काळी बुरशी धरते. तरीही वारुळे उकरू नका किंवा शेतभर विष टाकू नका, मुंग्या इतर किडींची अंडीही उचलतात. मावा कमी झाला की त्या आपोआप उतरतील.

आता करायचे काय? शेताच्या वेगवेगळ्या भागांतली वीस झाडे निवडा. शेंड्यावर मावा किती, हे पाहताना शेजारी कोण आहे तेही लिहा : ढालकिडे, त्यांच्या अळ्या, आणि फुगून तपकिरी, कागदासारखा कडक झालेला मावा. या कडक माव्याच्या पोटात एका बारीक गांधीलमाशीने अंडे घातलेले असते. पाठीवर गोल भोक दिसले तर माशी बाहेर पडून पुढच्या माव्याच्या शोधात गेली, असे समजा. चार दिवसांनी तीच झाडे पुन्हा पाहा. मित्रकीटक वाढत असतील तर पंप घरातच राहू द्या. मावाच वाढत असेल तर फक्त माखलेले शेंडे तोडून नष्ट करा आणि त्या पट्ट्यावर पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. चवळीच्या फुलांवर सकाळी मधमाश्या असतात.

बांधावरची फुलझुडपे राहू द्या. गांधीलमाशी स्वतः मकरंदावर जगते, तिला फूल जवळ लागते. फक्त चवळीच्याच कुळातली, माव्याने माखलेली तणे दिसली तर तेवढी उपटा.